छत्तिशीत हॉकी शिकायची तर आधी बॉल थांबवायला शिका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय 36, राहायला वाकडला, नोकरी हिंजवडीत. शाळेत असताना गल्लीतलं क्रिकेट, त्यापुढे मैदानाशी संबंध नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतानं स्पेनला 2-1 हरवून कांस्यपदक घेतलं, ते पाहून हॉकी डोक्यात बसली. मग ऑनलाइन एक महागातली स्टिक मागवलीत, गच्चीवर मोबाइलवर व्हिडिओ लावून ड्रिबलिंग, म्हणजे बॉल स्टिकनं खेळवत नेणं, सुरू केलंत, आणि आता विचारताय की या वयात जमेल का, पुण्यात कुठे जायचं आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये उभं राहावं का.

जमेल. वयाचं मी फारसं मनावर घेत नाही. आंतरराष्ट्रीय मास्टर्स हॉकीत पहिला गटच पस्तिशीपासून सुरू होतो आणि सत्तरी ओलांडलेल्यांचेही सामने होतात. अर्थात ती मंडळी लहानपणापासून खेळलेली असतात, हे मान्य. पण रविवारी सकाळी अकरा जणांत उभं राहून आपल्या वाट्याचं काम नीट करायचं, एवढंच मनात असेल तर वर्षभरात तिथवर पोहोचता येतं. मी खडकीत वाढलो, कारखान्याच्या संघातून बरीच वर्षं हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो, आणि आता सकाळी मोठ्या माणसांना शिकवतो. त्यात बँकेतले आहेत, आयटीतले आहेत, एक दंतवैद्य आहेत. तेव्हा हे हवेत बोलत नाही.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. पुण्यात हॉकी शिकवण्याची जी काही सोय आहे ती मुलांसाठी आहे. शाळा, अकादम्या, क्रीडा प्रबोधिनी, लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या, सगळीकडे पोरगं लहान वयात उचलायचं आणि घडवायचं अशी रीत. दुसऱ्या टोकाला सुट्टीच्या दिवशी खेळणारी मोठी माणसं. ती शाळेपासून एकमेकांना ओळखतात. कुणी रेल्वेकडून खेळलेला, कुणी पोलिसांकडून, कुणी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या संघातून. या दोन टोकांच्या मधे पायरीच नाही. बॅडमिंटनला कोर्ट बुक करून चौघं नवशिके मजेत खेळतात, हॉकीत तसं होत नाही. म्हणून तुम्हाला दोन गोष्टी एकदम साधायच्या आहेत: खेळ शिकायचा आणि खेळायला माणसं मिळवायची. आणि खेळातलं जे अंग आधी शिकल्यानं ती माणसं तुम्हाला बॉल द्यायला तयार होतील, ते आधी शिकायचं. ते अंग ड्रिबलिंग नव्हे.

जुन्या खेळाडूंच्या गटात नवा माणूस आला की सगळे एकच बघतात, याला पास दिला तर बॉल परत मिळेल का? ज्याच्या स्टिकवर बॉल थांबतो आणि जो दोन सेकंदांत सोप्या माणसाला देऊन मोकळा होतो, त्याला पुढच्या आठवड्यात फोन येतो. ज्याला सुरेख डॉज, म्हणजे चकवा, येतो पण आलेला प्रत्येक दुसरा बॉल स्टिकवरून उडून बाहेर जातो, त्याला कुणी वाईट बोलत नाही. पास मात्र द्यायचं थांबतात. गच्चीवरचं ड्रिबलिंग वाया गेलं असं मी म्हणणार नाही, मनगट सैल झालं असेल. पण निम्मा वेळ तिकडून काढून बॉल थांबवण्याकडे, म्हणजे ट्रॅपकडे, लावा.

थोडं तुमच्या परिस्थितीवरही आहे. आठवड्यातून दोन दिवस देणार असाल तर एक गती, एकच दिवस देणार असाल तर दुसरी. फुटबॉल खेळलेल्याला मैदानातली मोकळी जागा दिसते, पण बॉलच्या आड अंग घालायची सवय मोडावी लागते. टेबल टेनिस, बॅडमिंटनवाल्यांचं मनगट तयार असतं. क्रिकेटवाल्यांचं काय होतं ते पुढे सांगतो, कारण तुम्ही त्यातले आहात. गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल तर सगळंच सावकाश घ्यावं लागेल.

आता स्टिक. तुम्ही लिहिलंय की नव्वद टक्के कार्बनची, लो बो आहे. दुकानदाराच्या दृष्टीनं उत्तम सौदा, तुमच्या दृष्टीनं घाईची खरेदी. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक कडक. मुरलेल्या खेळाडूच्या हिटला त्यानं जोर मिळतो. नवशिक्याच्या स्टिकवरून मात्र बॉल आदळून लांब उडतो आणि बॉल जरा चुकीच्या जागी लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. लो बो म्हणजे स्टिकचा बाक खाली, डोक्याच्या जवळ असतो. ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन भिरकावणं, मारणाऱ्याला तो हवा असतो, कारण बॉल उचलायला सोपा जातो. तुम्हाला नेमका तो उचलायचा नाहीये. साधा पुश मारताना, म्हणजे बॉल स्टिकनं ढकलून देताना, तो आपोआप वीतभर वर उठेल, आणि समोरच्याच्या गुडघ्यावर गेला तर फाउल तुमचाच. ही स्टिक ठेवून द्या, दीड-दोन वर्षांनी काढा. तोवर कमी कार्बनची, फायबरग्लास जास्त असलेली, मधे बाक असलेली स्टिक घ्या. दोन-तीन हजारांत बरी मिळते. बहुतेक पुरुषांना 36.5 इंच पुरते, चांगले उंच असाल तर 37.5. वजनाला हलकी बघा. शक्य झालं तर खेळणाऱ्या कुणाला दुकानात बरोबर न्या आणि हातात धरून, वाकून बघून घ्या. जालंधर-मेरठकडच्या लाकडी स्टिकही स्वस्तात मिळतात. पार्किंगमधल्या सरावाला त्या उत्तम, घासल्या गेल्या तरी हळहळ वाटत नाही.

ट्रॅप शिकायला भिंत लागते. सोसायटीच्या कंपाउंडची भिंत, समोर चार-पाच पावलं सपाट काँक्रीट, बस. चकचकीत टाइल्स नकोत, बॉल घसरतो आणि तुम्हीही घसराल. बॉलचा आवाज होतो, तेव्हा सकाळी सहाला सुरू केलंत तर तळमजल्यावरचे काका खाली येतील. वेळ बघून करा. काँक्रीटवर स्टिकचा पंजा झिजतो म्हणून खाली चिकटपट्टीचे दोन वेढे द्या.

उभं राहताना पाय खांद्याहून थोडे जास्त फाकलेले, गुडघे वाकलेले, बॉल येतोय त्याच्या रेषेत स्टिक आधीच जमिनीला टेकलेली. बॉल आल्यावर स्टिक खाली नेणारा माणूस कायम उशिरा पोहोचतो. डावा हात वर, स्टिकच्या टोकाला, आणि तो उजव्या हातापेक्षा थोडा पुढे, म्हणजे दांडा बॉलकडे झुकलेला. असं केलं की स्टिक आणि जमीन यांच्यात एक कोन तयार होतो आणि बॉल त्यात येऊन अडकतो. दांडा सरळ किंवा मागे झुकलेला असला की तोच बॉल उतारावर चढावा तसा स्टिकवर चढून उडतो. उजवा हात मधे, सैल. बॉल लागताना स्टिक किंचित मागे घ्यायची, फार नाही, दोन-तीन बोटं. चांगला ट्रॅप कानाला कळतो: आवाज दबका येतो आणि बॉल जागीच मरतो. 'टक्' असा कोरडा आवाज आला म्हणजे उजव्या हातानं स्टिक आवळलेली होती. आमच्याकडे नव्या माणसाला मी कधीकधी पाठ करून उभा राहतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, सैल सोड म्हणून. त्याला वाटतं काहीतरी जादू आहे.

भिंतीवर पुश मारायचा, परत आलेला थांबवायचा, पुन्हा पुश. वीस मिनिटं. कंटाळवाणं आहे, त्याला इलाज नाही. जरा जमलं की थांबवलेला बॉल त्याच हालचालीत अर्धं पाऊल उजवीकडे किंवा डावीकडे न्यायला लागा, कारण सामन्यात बॉल थांबवलात त्याच जागी समोरचा येऊन ठेपणार असतो.

इथे एक गोंधळ होईल, तो आधीच सांगून ठेवतो. मैदानावर तुम्हाला दोन प्रकारचे गुरू भेटतील. एक सांगेल, स्टिक उभी धर, बॉल पायाजवळ घे. दुसरा सांगेल, खाली बस, स्टिक आडवी टाक. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. जुनी पिढी मुरमाच्या मैदानावर शिकली. खडकीत धनराज पिल्लेसारखा खेळाडू ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतल्या धुळीत मोडक्या स्टिक घेऊनच घडला. तिथे बॉल खड्ड्यावरून कसाही उसळतो, म्हणून उभ्या स्टिकनं जास्त उंची झाकायची. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. तिथे बॉल जमिनीला चिकटून आणि फार वेगात येतो, म्हणून खाली बसून आडव्या स्टिकनं रुंदी झाकायची, विशेषतः डाव्या बाजूला रिव्हर्सनं, म्हणजे स्टिक उलटी फिरवून. तुम्ही ज्या मैदानावर खेळाल त्यावर जे चालतं ते करा. मुरमावर आडवी स्टिक टाकून चेहरा खाली नेलात आणि बॉल उसळला, तर आमच्या दंतवैद्यांना काम मिळेल.

आता क्रिकेटवाल्यांचं. तुम्ही उजव्या हाताचे असाल तर बॅट धरताना दोन्ही हात जवळ घेऊन, उजव्या हातानं जोर लावायची सवय असेल. हॉकीत दोन हातांत अंतर असतं आणि स्टिक फिरवायचं काम डावा हात करतो. उजवा हात म्हणजे नुसती नळी, त्यातून दांडा फिरत राहतो. स्टिकची फक्त सपाट बाजू वापरायची. गोल बाजूला बॉल लागला की फाउल. म्हणून बॉल डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे नेताना स्टिक सारखी उलटी-सुलटी करावी लागते, आणि हे उजव्या हातानं करायला गेलात तर खांदा भरून येतो. डावखुऱ्यांनाही सांगून ठेवतो: डाव्या हाताची स्टिक नसते, सगळे एकाच पद्धतीनं खेळतात. पण वरचा, मुख्य हात डावा असल्यामुळे त्यांचं नुकसान होत नाही, उलट पहिल्या महिन्यात ते पुढे असतात.

क्रिकेटची दुसरी सवय धोक्याची आहे, बॅकलिफ्ट. बॉल दिसला की स्टिक खांद्यापर्यंत उचलून फटका. आजूबाजूला माणसं असताना हे केलंत तर कुणाचं तरी डोकं फुटेल. पॅरिसमध्येच ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासची स्टिक समोरच्याच्या तोंडाला लागली, लाल कार्ड मिळालं आणि भारताला उरलेला सगळा सामना दहा जणांवर खेळावा लागला. तो तर कसलेला आंतरराष्ट्रीय खेळाडू. आणि बॉलचं म्हणाल तर हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे वजनाला क्रिकेटच्या लेदर बॉलएवढाच. तो पॅडशिवाय अंगावर घ्यायची कल्पना करा. म्हणून माझ्याकडे नव्या माणसाला पहिले काही महिने हिट मारायची मुभा नसते. पुश आणि स्लॅप, बस.

पुशमध्ये स्टिक बॉलला आधीपासून चिकटलेली असते. डावा खांदा जिकडे द्यायचं तिकडे, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर, आणि स्टिक बॉलला ढकलत लक्ष्याकडे लांबवर जाते. आवाज जवळजवळ होतच नाही. जोर हातातून काढू नका, पायातून काढा. स्लॅपमध्ये स्टिक जमिनीलगत मागे नेऊन झाडू मारावा तशी आणायची. वीस-पंचवीस मीटरच्या पासला ते भरपूर झालं. रविवारच्या खेळात याहून लांबचा पास नवशिक्याकडून कुणाला नकोच असतो.

नियमांची पोथी वाचत बसू नका, चार गोष्टी पक्क्या ठेवा. पायाला बॉल लागला की फाउल, गोलकीपरला ती सूट. पाच मीटरच्या आत असलेल्या माणसावर बॉल उचलायचा नाही. फ्री हिटला समोरच्यानं पाच मीटर लांब राहायचं. आणि बॉल व समोरचा खेळाडू यांच्या मधे अंग किंवा स्टिक घालून बॉल लपवायचा नाही, त्याला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात. फुटबॉलवाले इथे पहिला महिनाभर वैतागतात, कारण त्यांच्याकडे ती कला समजली जाते. ऑफसाइड हॉकीत केव्हाच गेला, त्यामुळे ती एक कटकट तरी नाही. आणि गोल धरायचा तर बॉल आक्रमण करणाऱ्या खेळाडूनं 'डी'च्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, आत खेळलेला हवा. लांबून मारलेला थेट आत गेला तरी गोल नाही. हे माहीत नसलेला नवा माणूस दरवर्षी एखादा तरी हात वर करून नाचतो.

शिन गार्ड आणि माउथगार्ड पहिल्या दिवसापासून. माउथगार्ड गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवायचा साधा मिळतो. सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं, आठवडाभरात सवय होते. बूट टर्फचे, खाली बारीक गोटे असलेले. धावण्याच्या जाड सोलच्या बुटात आडवं वळताना घोटा मुरगळतो, आणि फुटबॉलचे लांब स्टडवाले टर्फवर कुणी आत घेत नाही.

शरीराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, की पन्नास मीटर पळालं की धाप लागते. धापेची मला काळजी नाही, ती दीड-दोन महिन्यांत आटोक्यात येते, शिवाय हॉकीत कितीही वेळा बदली खेळाडू आत-बाहेर करता येतात. दमलात की बाहेर या, पाणी प्या, पुन्हा जा. मला काळजी तुमच्या खुर्चीची. दिवसाचे नऊ तास बसून मांडीचा मागचा भाग आणि कंबर आखडलेली असते, आणि हॉकी सगळी वाकून. एक चाचणी घरी करा: टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसता येतं का आणि मिनिटभर तसं राहता येतं का? मागे पडत असाल किंवा टाचा उचलल्या जात असतील तर तुम्ही मैदानात गुडघ्यात न वाकता कमरेतून वाकाल, आणि तिसऱ्या आठवड्यात पाठ धराल. रोज दोन-तीन वेळा, दात घासताना का होईना, उकिडवं बसा. एक पाय पुढे टाकून खोल वाकायचं, ज्याला लंज म्हणतात, ते दोन्ही पायांनी करा. मोठ्या माणसांच्या पोटऱ्या आणि मांड्या सहसा पहिल्या दहा मिनिटांत जातात, गाडीतून उतरून थेट जोरात पळाल्यामुळे. वाहतुकीत अडकून उशीर झाला म्हणून वॉर्मअप गाळणारे सगळ्यात जास्त जायबंदी होतात. दोन सत्रांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा. रक्तदाब, साखर, घरात हृदयविकार, यातलं काही असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. ही औपचारिकता नाही, हॉकीत अचानक थांबून अचानक पळायचं असतं.

कुठे जायचं? तुम्ही वाकडला आहात म्हणजे नशीबवान. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल हाकेवर आहे आणि पिंपरीत नेहरूनगरला महापालिकेचं मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे. 2021 ची वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच झाली होती. दोन्हीकडे हॉकीचं टर्फ आहे. खडकीला जुनी परंपरा आहे, पण वाकडहून संध्याकाळी खडकी गाठायचं म्हणजे अर्धा उत्साह रस्त्यातच संपतो. माझा अनुभव असा की जे लांबचं चांगलं मैदान धरतात ते दोन महिन्यांत सोडतात. जवळचं बरं मैदान धरणारे टिकतात. सकाळची वेळ निवडा. बाणेर-वाकडला तासावर भाड्यानं मिळणारी फुटबॉलची टर्फ असतात, ती हॉकीला कामाची नाहीत. तिथलं गवत लांब, त्यात रबराचे दाणे. बॉल चार पावलांत मरतो किंवा उसळतो. आणि कठीण बॉल दिसला की मालक हाकलतो, ते वेगळंच.

फोनवर चौकशी करू नका. फोनवर तुम्हाला मुलांच्या बॅचची फी सांगतील आणि विषय संपेल. शनिवार-रविवारी सकाळी साडेसहा-सातला स्वतः जा, कडेला उभे राहा, खेळ संपेपर्यंत बघा. पाण्याच्या वेळी जो माणूस सगळ्यांवर ओरडत होता त्याच्याकडे जा, गट तोच चालवत असतो. त्याला सरळ सांगा की मी नवीन आहे, कधी खेळलेलो नाही, सामन्यात नको, पण सुरुवातीच्या सरावात कडेला उभं राहून पासिंग करू देता का? पंधरा जणांच्या गटात दोघं-तिघं कायम गैरहजर असतात, एक जास्तीचा माणूस सगळ्यांना हवा असतो. वर्गणी आधी विचारा आणि वेळेवर द्या. पुढच्या आठवड्यात पाऊस असला तरी जा. पुण्यात जून ते सप्टेंबर निम्मे लोक येत नाहीत, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त बॉल मिळतो तो या चार महिन्यांत.

मुलांच्या बॅचचं विचारलंत. लाजेचं म्हणाल तर पोरांना तुमची पर्वा नसते. पहिले दहा मिनिटं 'काका' म्हणून हसतील, मग विसरतील. माझं मत असं की पहिला महिना-दीड महिना कोच तयार असेल तर त्यांच्यात जरूर उभे राहा. मूलभूत गोष्टी तिथेच शिस्तीत शिकवल्या जातात, मोठ्यांच्या गटात कुणी तुमच्या ग्रिपकडे बघत बसणार नाही. मात्र कवायती त्यांच्याबरोबर करा, सामना नको. ऐंशी किलोचा माणूस पस्तीस किलोच्या पोरावर धडकला तर त्या कोचची नोकरी जाईल, आणि पोरांच्या वेगाशी स्पर्धा करताना तुमची मांडी.

त्यापुढचं साधारण असं: पहिले तीन महिने भिंत, पासिंगच्या कवायती आणि आठवड्यातून एकदा छोटा खेळ, चार विरुद्ध चार किंवा पाच विरुद्ध पाच. छोट्या खेळात बॉल सारखा अंगावर येतो. पूर्ण मैदान 91.4 बाय 55 मीटरचं; त्यात नवा माणूस दहा-दहा मिनिटं बॉलशिवाय फिरतो आणि शिकत काहीच नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास पूर्ण सामन्यात पंधरा मिनिटांचा एखादा क्वार्टर मागून घ्या.

आणि जागा मागायची तर राइट हाफ किंवा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेची मधली किंवा मागची जागा, मागा. नवीन माणसाला लोक सहसा पुढे ढकलतात, 'तिथे नुकसान कमी' म्हणून, किंवा जी जागा रिकामी असेल तिथे, म्हणजे बहुधा डावीकडे. डावीकडे जाऊ नका. कारण साधं आहे. फोरहँडला, म्हणजे न उलटवता, धरलेल्या स्टिकची सपाट बाजू डावीकडे तोंड करून असते. तुम्ही उजव्या कडेला असलात की सगळे पास डावीकडून, मैदानाच्या मधून येतात, म्हणजे थेट सपाट बाजूवर. परत आत पास देणंही त्याच दिशेला, सगळ्यात सोपा पुश. डाव्या कडेला सगळंच उलटं: बॉल उजवीकडून येतो, प्रत्येक वेळी अंग वळवून घ्यावं लागतं नाही तर रिव्हर्स लावावा लागतो.

बचावातही तेच. उजव्या कडेला समोरून खेळाडू बॉल घेऊन आला की तुम्ही थोडे आतल्या बाजूला उभे राहा आणि त्याला कडेची वाट मोकळी दाखवा. तो तुमच्या उजवीकडून, म्हणजे फोरहँडच्या बाजूनं जाईल आणि एका बाजूला साइडलाइन असेलच. त्याच्यावर झेप घेऊ नका. स्टिक जमिनीवर ठेवून मागे सरकत राहा, त्याला पाच-सहा पावलं उशीर करा. तेवढ्यात तुमचा सेंटर हाफ येऊन पोहोचतो. सुरुवातीचे कित्येक महिने तुमच्याकडून टॅकल करून बॉल हिसकावण्याची कुणाची अपेक्षाच नसते. माणूस सरळ 'डी'त घुसला नाही, एवढ्यावर लोक खूश असतात. बॉल मिळालाच तर जवळच्या आपल्या माणसाला द्या. मधून पळत सुटू नका, गच्चीवर कितीही जमत असलं तरी.

पेनल्टी कॉर्नरच्या वेळी, म्हणजे फाउलबद्दल समोरच्यांना 'डी'वरून गोलवर मारायची संधी मिळते तेव्हा, गोललाइनवरून पहिला धावणारा तुम्ही नसाल याची खात्री करा. तो मारणाऱ्याच्या अंगावर धावतो आणि बॉल त्याच्या दिशेनं येतो. ते काम अनुभवी माणसाचं आणि तेही तोंडावर मास्क लावून.

शेवटची सूचना, कारण हे नक्की घडणार आहे. एखाद्या रविवारी गोलकीपर येणार नाही आणि कुणीतरी प्रेमानं म्हणेल, "तुम्ही आज गोलात उभे राहता का? पळायचं काही नाही." नाही म्हणा. पूर्ण किट असेल तरी सध्या नाही म्हणा, आणि नुसते पॅड बांधून 'हळू मारू' असं आश्वासन देत असतील तर दोनदा नाही म्हणा. एकदा गोलात उभा राहिलेला नवा माणूस वर्षभर तिथेच राहतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. 'आमच्याकडे उजवीकडे माणूस कमी आहे का, तिकडे जातो,' असं म्हणा आणि कुणी दुसरं काही बोलायच्या आत जाऊन उभे राहा.